साहेबांचं समाजकार्य कुठल्या पानावर छापणार?

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
मुख्य कार्यकारी अधिकारी सेवागौरव समिती,
जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक.

स. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. साहेबांच्या निवृत्तीनिमित्त गौरवग्रंथ निघतोय, त्यात ‘एका जुन्या गटसचिवाच्या आठवणी’ म्हणून मी, गावच्या कर्ज सोसायटीचा जुना सचिव, एक पान लिहावं, असं तुम्ही कळवलंय. शब्दमर्यादा पाचशे. सोबत नमुनाही जोडलाय. आम्हा सचिवांना लिहिता येत नाही हे गृहीतच धरलेलं दिसतं. असो. नमुन्यात दोन भाग आहेत. ‘बँकिंग कारकीर्द’ या भागात कुठल्या साली कुठली बढती ते लिहायचं. ‘सामाजिक कार्य’ या भागात रक्तदान शिबिर, वह्यावाटप, वृक्षारोपण, वारकऱ्यांना अन्नदान यांतलं जे आठवेल ते. शेवटचं ‘असे हे अजातशत्रू व्यक्तिमत्त्व’ हे वाक्य तर तुम्ही छापूनच पाठवलंय.

मी तीनदा लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा त्या अजातशत्रूपाशी अडलो. या जिल्ह्यात साहेबांना शिव्या घालणारी चाळीसेक माणसं मला नावानिशी माहीत आहेत. त्यातली दोन-तीन तुमच्या समितीतच आहेत. काही वर्षं त्या यादीत मीही होतो. एवढं सगळं पाचशे शब्दांत मावणार नाही, आणि मावलं तरी ग्रंथात छापलं जाणार नाही. म्हणून हे पत्र उघडच लिहितोय.

आधी समाजकार्याचं बघू. शिबिरं झाली, झाडं लागली, वह्या वाटल्या, हे खरं आहे. फोटो आहेत. फोटोत साहेब कडेला, अर्धे कापलेले. पण ते पैसे कुणाचे होते? बँकेच्या नफ्यातून धर्मादायाला जी रक्कम काढली जाते, ती सभासदांची आणि ठेवीदारांच्या पैशावर कमावलेली. दुसऱ्याच्या पैशातून वह्या वाटणं ही सेवा असेल तर तिचं श्रेय सोसायटीच्या शेवटच्या सभासदालाही द्यावं लागेल, आणि त्याचा फोटो तुमच्या ग्रंथात येणार नाही. साहेबांना हे कळत होतं. वह्यावाटपाच्या एका कार्यक्रमात त्यांना भाषण करायला उभं केलं तेव्हा ते म्हणाले, “या वह्या तुमच्या वडिलांच्याच पैशातल्या आहेत, नीट वापरा.” आणि खाली बसले. पाहुणे नाराज झाले होते.

मग त्यांनी समाजासाठी काय केलं? जे केलं ते सगळं बँकेच्या कागदांत आहे. तुम्ही ते पहिल्या भागात टाकलंय आणि बढत्यांच्या तारखांखाली पुरलंय.

आता माझी गोष्ट. ती माझ्या बदनामीची आहे. पण निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पेन्शन नाहीच, मग कुणी काय कापणार?

१९९० नंतरची ती वर्षं. मी एका विकास सोसायटीचा, म्हणजे बँकेकडून पैसे घेऊन गावच्या शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या संस्थेचा, सचिव होतो. सोसायटीची वसुली दरवर्षी शंभर टक्के. तालुक्यात आमचं नाव घ्यायचे. ती शंभर टक्के वसुली कशी व्हायची ते तुमच्यातल्या जुन्या लोकांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. ३१ मार्चच्या आत सभासदाचं जुनं पीककर्ज जमा दाखवायचं आणि लगेच नवं मंजूर करून उचल टाकायची. याला आम्ही नवं-जुनं म्हणतो. खरं नवं-जुनं करायचं तर शेतकऱ्याला आठ दिवसांसाठी का होईना, पैसे उभे करावे लागतात. तो ते आडत्याकडून शेकडा दोन-तीननं आणतो, बँकेत भरतो, नवी उचल मिळाली की आडत्याला परत करतो. आम्ही त्याचा तेवढाही त्रास वाचवला. भरणा आणि उचल एकाच दिवशी, दोन्ही कागदावर, रोकड जागची हलायचीच नाही. सभासदाचा फक्त अंगठा लागायचा. मागचं व्याज नव्या मुद्दलात जायचं आणि खताला पैसे हवे असले की तो पुन्हा आडत्याकडेच जायचा.

साहेब तेव्हा साहेब नव्हते, बँकेचे तपासणीस होते. एसटीनं आले. कीर्द काढायला सांगितली, खतावणी काढायला सांगितली, चहा नको म्हणाले. दुपारपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “चला, गावात जाऊन येऊ.” आमच्याकडे तपासणीस गावात जात नसे. तपासणी म्हणजे सोसायटीचं ऑफिस, वही, शेरा आणि जेवण. हे घराघरांतून फिरले. प्रत्येकाला एकच विचारायचे, “गेल्या मार्चला हातात किती रुपये पडले?” एक म्हातारी विधवा होती, दीड एकराची खातेदार. ती म्हणाली, “हातात? अंगठ्याला शाई पडली.”

ते वाक्य साहेबांनी तपासणी अहवालात जसंच्या तसं लिहिलं. मला माहीत आहे, कारण त्या अहवालावर खुलासा द्यायला मला बोलावलं गेलं.

त्याच तपासणीत आमची अनिष्ट तफावतही उघडी पडली. हा शब्द बाहेरच्या माणसाला कळत नाही, म्हणून सांगतो. सोसायटी बँकेकडून घेते आणि सभासदांना देते. तेव्हा सोसायटीचं बँकेला जेवढं देणं, साधारण तेवढंच सभासदांकडून येणं निघायला हवं. देणं जास्त आणि येणं कमी निघालं, तर मधले पैसे कुणाच्याच खात्यावर नाहीत. आमच्या बाबतीत ते वसुलीतून ऑफिसच्या इमारतीला गेले होते, भत्त्यांना गेले होते, आणि थोडे कशाला गेले ते मलाही सांगता येईना. माझ्या दोन वेतनवाढी थांबल्या. मेमो आला. पण मला लागलं ते वेगळंच. साहेबांनी अट घातली की प्रत्येक सभासदाची खरी बाकी चावडीवर मोठ्यानं वाचायची, आणि ती सचिवानंच वाचायची. मी वाचली. दोन तास लागले. मान वर करून एकदाही बघितलं नाही. पुढं २०१७ च्या कर्जमाफीत चावडीवाचन झालं तेव्हा नवीन पोरांना वाटलं, काहीतरी नवंच आहे. आमच्या गावात ते कधीच होऊन गेलं होतं.

त्या सभेनंतर काय झालं? सुरुवातीला फार वाईट झालं. वसुली धाडकन खाली आली, कारण ती मुळात होतीच तेवढी. तालुक्यातलं नाव गेलं. अध्यक्षांनी माझ्याशी बोलणं टाकलं. पण दोन-तीन हंगामांनी मार्चमध्ये माणसं खरे पैसे घेऊन यायला लागली आणि एप्रिल-मे मध्ये खरे पैसे घेऊन जायला लागली. त्या म्हातारीनं पहिल्यांदा खताच्या पोत्यांचे पैसे सोसायटीच्या उचलीतून दिले. तुमच्या नमुन्यात हे कुठल्या भागात लिहायचं ते मला कळलेलं नाही. बढती त्यातून झाली नाही. उलट साहेबांचीच तालुक्याबाहेर बदली झाली.

एक उदाहरण देतो, थोडं लांबचं आहे. मुंबईत १९११ साली सर विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लुभाई सामळदास यांनी सहकारी बँक काढली, आजची राज्य सहकारी बँक ती हीच. लल्लुभाईंचा मुलगा वैकुंठभाई मेहता तिच्या कारभारात शिरला आणि सुमारे ३५ वर्षं तिथंच राहिला. पुढं ते मुंबई राज्याचे अर्थमंत्री झाले, खादी ग्रामोद्योग आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले. पुण्यात त्यांच्या नावाची सहकार प्रशिक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे. आपल्या बँकेचे अधिकारी तिथं प्रशिक्षणाला जातात, साहेबही जाऊन आलेत. वैकुंठभाईंचं ‘सामाजिक कार्य’ वेगळं काढून दाखवा म्हटलं तर काय दाखवणार? खेड्यातल्या माणसाला सावकाराशिवाय पैसा मिळावा, यासाठी कचेरीत बसून खर्डेघाशी केली, तेच त्यांचं कार्य. आणि ते किती अवघड होतं ते पाहा. त्यांच्या त्या ३५ वर्षांनंतर, रिझर्व्ह बँकेनं १९५१-५२ ची ग्रामीण पतपाहणी केली तेव्हा देशातल्या शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा निघाला ३.१ टक्के. सावकारांचा सत्तरच्या आसपास. म्हणून नमुन्यातला ‘सहकारमहर्षी’ हा शब्द तेवढा काढा. साहेबांना तो झेपणार नाही आणि त्यांना तो नकोही आहे.

पुढचं थोडक्यात. २००२ साली राज्यातल्या काही जिल्हा बँकांचे सरकारी रोख्यांत गुंतवलेले कोट्यवधी रुपये बुडाले, तो घोटाळा सगळ्यांना आठवत असेल. पैसे दलालाला दिले, रोखे मात्र कधी हातात आलेच नाहीत. त्याच्या थोडं आधी आपल्याकडेही असेच सुटाबुटातले लोक येऊन गेले. साहेब तेव्हा मुख्य कचेरीत लेखा विभागात होते. त्यांनी टिपणीवर एकच प्रश्न लिहिला, “रोखे बँकेच्या नावावर कुठं नोंदले जाणार, त्याचा पुरावा आधी की पैसे आधी?” उत्तर आलं नाही, पैसे गेले नाहीत. ती टिपणी रेकॉर्डला असेल. वाळवीनं खाल्ली नसेल तर छापा. या जिल्ह्यातल्या प्राथमिक शिक्षकांचे पगार आणि ग्रामपंचायतींचे निधी त्या एका ओळीनं वाचले, आणि ठेव विमा तेव्हा फक्त १ लाखाचा होता. (तो ५ लाखांचा झाला २०२० मध्ये, तोही मुंबईतल्या एका मोठ्या सहकारी बँकेच्या दारात ठेवीदार रडल्यानंतर.)

साखर कारखान्याचं प्रकरण मी नाव न घेता लिहितो, तुम्हाला नाव माहीत आहेच. माल तारण कर्ज म्हणजे गोदामातल्या साखरेवर उचल. पोती जेवढी तेवढी उचल. गोदामाला बँकेचं कुलूप असतं. त्या कुलपाची किल्ली प्रत्यक्षात कुणाच्या खिशात असते हा वेगळा विषय. साहेबांनी एका रविवारी, न कळवता, थप्प्या मोजायला माणसं पाठवली. पुढच्या रांगा भरलेल्या आणि आतली जागा रिकामी. सोमवारी उचल मर्यादा खाली आली. त्या आठवड्यात साहेबांच्या घरी कोण कोण येऊन गेलं, फोन कुठून कुठून आले, ते मी लिहीत नाही. एवढंच लिहितो की महिनाभरात ते प्रशिक्षण केंद्रात बसलेले दिसले, खोलीत एक टेबल आणि एक पंखा. वर्षभर तिथं होते. नमुन्यात त्या वर्षापुढे ‘प्रशिक्षण केंद्राची धुरा समर्थपणे सांभाळली’ असं तुम्ही लिहिलंय. वाचून मी बराच वेळ हसलो.

आता दुष्काळ. इथं मला जरा थांबायचंय, कारण माझ्या मते साहेबांचं सगळ्यात मोठं काम हे आहे आणि तुमच्या यादीत ते नाहीच.

२०१५ चं खरीप गेलं. लगोलग रब्बीही गेली. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, यावरून त्या साली काय होतं ते कळेल. पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, ५० पैशांच्या खाली आली की त्या गावातल्या पीककर्जाचं रूपांतरण करता येतं. वर्षाचं कर्ज मध्यम मुदतीचं होतं, हप्ते पडतात, माणूस थकबाकीदार ठरत नाही आणि मुख्य म्हणजे नव्या हंगामाला त्याला पुन्हा पीककर्ज मिळू शकतं. कागदावर ही फार चांगली सोय आहे. पण तिला शेतकऱ्याची संमती लागते, सही लागते, सोसायटीचा ठराव लागतो, प्रस्ताव वेळेत वर जावा लागतो. वेळ गेली की सोय गेली. बऱ्याच ठिकाणी होतं काय, की शेतकऱ्याला ही गोष्ट कुणी सांगतच नाही. शाखेला वाटतं, कर्ज रूपांतरित केलं की या वर्षीची वसुली गेली. संचालकांना वाटतं, माफी येणारच आहे, कशाला भानगड? आणि शेतकऱ्याला वाटतं, सही केली की जमीन अडकली.

साहेब तोवर परत मुख्य कचेरीत आले होते, वरच्या खुर्चीत. त्यांनी एक परिपत्रक काढलं. दीड पान, साध्या मराठीत. (आमच्या बँकेची परिपत्रकं ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ सुरू होतात आणि कुठं संपतात ते कळत नाही. हे तसं नव्हतं.) रूपांतरण केलं तर काय होईल, नाही केलं तर काय होईल, व्याज किती पडेल, सही कुठं करायची. ते प्रत्येक सोसायटीच्या भिंतीवर चिकटवायचं, ग्रामसभेत वाचायचं, आणि वाचलं याचा पंचनामा पाठवायचा. मी तेव्हा निवृत्तीला टेकलो होतो. मला वाटलं, झालं, पुन्हा चावडीवाचन! पण गेलो. तीन वाड्यांवर गेलो, टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या बायकांना समजावून सांगितलं, कारण ग्रामसभेला कोणी येत नव्हतं. घरातले पुरुष ऊसतोडीला किंवा पुण्याला. संमतीच्या सह्या घ्यायला साहेबांनी बँकेचा एक लिपिक माझ्याबरोबर दिला होता. तो पोरगा दोन दिवस कुरकुरला, तिसऱ्या दिवशी गप्प झाला.

ज्यांनी सह्या केल्या त्यांना जूनमध्ये बियाण्याला पैसे मिळाले. नाही केल्या ते आडत्याकडे गेले. एवढा साधा हिशेब आहे. कुणी सांगितलं नसतं तर सगळेच आडत्याकडे गेले असते.

आणि याच्यावरूनच साहेबांना सगळ्यात जास्त शिव्या बसल्या. कारण पुढच्याच वर्षी, जून २०१७ मध्ये, कर्जमाफी जाहीर झाली. दीड लाखापर्यंतची थकबाकी माफ. नियमित फेडणाऱ्याला प्रोत्साहन म्हणून कमाल २५ हजार. मग ज्यानं काटकसर करून फेडलं, त्यानं कपाळाला हात लावला. गावागावांत बोलणं सुरू झालं, त्या साहेबानं आम्हाला शहाणपणा शिकवला आणि आमचं नुकसान केलं. एक जण माझ्या दारात येऊन भांडून गेला. त्याला काय उत्तर देणार? त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. २०१९ च्या माफीत पुन्हा तेच, फक्त मर्यादा २ लाख. जो माणूस हिशेब सरळ ठेवायला सांगतो त्याला आपल्याकडे दर दोन-तीन वर्षांनी सरकारच खोटं पाडतं. साहेबांनी यावर कधी जाहीर काही बोललेलं मी ऐकलं नाही. एकदा खासगीत म्हणाले होते, “माफी द्यावी, माझी ना नाही. पण माफीची वाट बघायला लावू नये.”

दुष्काळ आणि २०१७ ची माफी यांच्या मध्ये नोटाबंदी झाली. ८ नोव्हेंबर २०१६. जिल्हा बँकांनी १० तारखेपासून जुन्या नोटा घ्यायला सुरुवात केली आणि १४ तारखेला रिझर्व्ह बँकेनं जिल्हा बँकांना मनाई केली. मध्ये चार दिवस. त्या चार दिवसांत राज्यातल्या जिल्हा बँकांवर काय काय आरोप झाले ते वर्तमानपत्रांत आलंय. आपल्याकडे काय झालं ते मी शाखेच्या बाकावर बसून पाहिलंय. पहिल्याच दिवशी साहेबांचा फोन आला: खातेदार स्वतः हजर हवा, पॅन किंवा ओळखपत्राची प्रत हवी, आणि संचालकांच्या गाडीतून आलेल्या पिशव्या काउंटरच्या आत घ्यायच्या नाहीत. शेवटची सूचना लेखी नव्हती, पण शाखाधिकाऱ्यानं ती आमच्यासमोर मोठ्यानं म्हणून दाखवली, बहुतेक मुद्दामच. दुसऱ्या दिवशी एक गाडी आली आणि तशीच परत गेली. शाखाधिकाऱ्याचा हात थरथरत होता, तो पाणी प्यायला.

१४ तारखेनंतर गावाचा पैसाच थांबला. तिजोरीत जुन्या नोटा पडून, नवी रोकड येत नाही. रब्बीच्या पेरण्या उभ्या. त्या घेतलेल्या नोटा रिझर्व्ह बँकेत भरायला परवानगी मिळाली जून २०१७ मध्ये, तीही नाबार्डनं, म्हणजे जिल्हा बँकांची तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बँकेनं, खातेदारांची कागदपत्रं तपासल्यावर. तेवढे महिने बँक त्या रद्दीवर ठेवीदारांना व्याज देत होती. तपासणी आली तेव्हा आपले कागद जागेवर होते. काही ठिकाणी नव्हते. हे ‘बँकिंग कारकीर्द’ की ‘सामाजिक कार्य’, समितीनं ठराव करून कळवावं.

आता दुसरी बाजू. ती नाही लिहिली तर हेही पत्र तुमच्या नमुन्यासारखंच होईल.

साहेब माणूस म्हणून कोरडे. लग्नाला नाहीत, मयताला नाहीत. सचिवाच्या बायकोच्या ऑपरेशनसाठी उचल मागितली तेव्हा नियम दाखवला. नियम बरोबर होता, पण दाखवायची एक रीत असते. तोट्यातल्या शाखा बंद करायच्या म्हणून त्यांनी आमच्या भागातली एक शाखा बंद केली. आकड्यांत ते बरोबर असेल. पण श्रावणबाळ आणि निराधार योजनेचे पैसे काढायला आता म्हाताऱ्यांना जीपनं जावं लागतं, आणि जीपचं भाडं त्या पैशातूनच जातं. मी त्यांना दोनदा अर्ज दिला. उत्तर आलं नाही.

आणि खरं दुखणं हे की छोट्या माणसाच्या वीस हजारांच्या थकबाकीवर सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघाला, सातबारावर बोजा चढला, जप्तीची दवंडी झाली. त्याच काळात मोठ्या संस्थांची थकबाकी एकरकमी तडजोडीत निम्म्यावर मिटली, त्या टिपण्यांवर साहेबांचीच सही आहे. संचालक मंडळाचा ठराव होता, त्यांनी फक्त अंमल केला, हे मला माहीत आहे. तपासणीस असताना जो माणूस अहवालात म्हातारीचं वाक्य लिहीत होता, त्यानं वरच्या खुर्चीत बसून त्या ठरावाखाली ‘असहमत’ एवढा एक शब्द लिहायला हवा होता. कदाचित प्रशिक्षण केंद्रातलं ते वर्ष आठवलं असेल. मी त्यांच्या जागी असतो तर काय केलं असतं, विचारू नका. चावडीवर खाली मान घालून वाचणारा माणूस आहे मी.

संचालक मंडळालाही एक सांगायचंय. नव्या कायद्यानं संचालकांची सलग मुदत दहा वर्षांवर अडवली आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांची घडी त्यामुळं विस्कटणार, म्हणून हा सोहळा एवढा मोठा होतोय, अशी कुजबुज आहे. मला त्यात पडायचं नाही. पण पुढचा मुख्य कार्यकारी अधिकारी निवडताना त्याला रिझर्व्ह बँकेच्या निकषांबरोबर आणखी एक प्रश्न विचारा: सोसायटीच्या गावात शेवटचं कधी गेला होतास, आणि तिथं कुणाला काय विचारलंस?

राहिला साहेबांना द्यायच्या पैशांच्या थैलीचा विषय. प्रत्येक गटसचिवानं ‘स्वेच्छेनं’ एक हजार रुपये द्यावेत, ते सचिवांचे पगार काढणाऱ्या देखरेख संस्थेमार्फत पगारातून कापून घेतले जातील, असं तुमचं परिपत्रक फिरतंय. ज्यांचे पगार महिनोन् महिने थकलेत त्यांच्या पगारातून कापणार म्हणजे कशातून कापणार? हे साहेबांच्या कानावर घातलंय का? घातलं असतं तर परिपत्रक निघालं नसतं, एवढं त्यांना मी ओळखतो. ते आजच मागं घ्या. मंडप, शाल, चांदीची प्रतिमा, सगळं तुमच्या खर्चानं करा.

ग्रंथासाठी तुम्ही साहेबांबरोबरचा माझा फोटो मागितलाय. तसा फोटो नाही. मला दिलेला मेमो मात्र आहे, त्यांच्या सहीचा. खाली पेननं एक ओळ वाढवलेली आहे: “सदर सचिव हिशेबात चुकला आहे, हिशेब येत नाही असे नाही. त्यास सुधारण्याची संधी द्यावी.” त्या ओळीवर मी पुढची वीस वर्षं नोकरी केली. झेरॉक्स सोबत जोडली आहे. माझ्या पानावर ती छापा, लेखाची गरज पडणार नाही. मूळ प्रत मी देणार नाही.

कळावे,
आपला,
एक निवृत्त गटसचिव